पेन्सिलीतली नऊ नावं

तुमच्या मुलीच्या वर्गात तिच्या शेजारी कोण बसतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल. पण कोण बसत नाही, आणि ते का बसत नाही, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा, पत्रक लिहिण्याचा नियम होता: पहिली ओळ प्रश्नाची, शेवटची ओळ कामाची, आणि मधे काय सांगायचं ते न घाबरता सांगा. कोपरीत, स्टेशनकडून आत वळलं की एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांची एका खोलीची प्रेस होती. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, खण असलेली लाकडी घोडी, आणि शाई-रॉकेलचा एक असा वास की आबा शेजारून गेले तरी मागे रेंगाळायचा. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापत आणि उरलेल्या कागदावर पत्रकं. पाण्याच्या टाकीबद्दल, रेशन दुकानाबद्दल, पुलाखालच्या माणसांना हटवण्याबद्दल. त्यामुळे मी अक्षरं शिकले ती अंकलिपीतून नव्हे. मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, ‘नळ आमच्या दारात, पाणी कुणाच्या घरात?’ उरलेल्या पत्रकांचं आमच्या कोपरीच्या घरी काय होत नसे? कपाटाच्या फळ्यांवर ती अंथरलेली, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, दिवाळीत चिवड्याचे पुडे त्यांतच, आणि कैरीच्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर आई दादऱ्याच्या फडक्याखाली एक पत्रक घालायची. लोणचं वाढून घेताना दर वेळी आधी जाहीर निषेध सोडवावा लागे.

आबांनीच माझं नाव समता ठेवलं. बाबांना ते आवडलं नव्हतं. त्यांच्या न आवडण्याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही त्यांच्यावर नको इतके चिडणार नाही. बाबा तिसरीत असताना आबांनी त्यांना त्यांच्याच शाळेच्या दारात, त्यांच्याच मुख्याध्यापकांविरुद्धची पत्रकं वाटायला उभं केलं होतं. मुख्याध्यापकांनी एक पत्रक घेतलं, वाचलं, त्यातली एक चूक लाल पेनाने दुरुस्त केली आणि बाबांच्या हातात परत दिलं. ते परत घेतलेलं पत्रक बाबा आयुष्यभर धरूनच राहिले असं मला वाटतं. मी पाच वर्षांची असताना त्यांनी अखेर कोपरी सोडली आणि टिटवाळ्याच्या पुढे, नव्याने उठत असलेल्या हरितकुंज नावाच्या संकुलात घर घेतलं. तिथे भिंती पांढऱ्या होत्या, फळ्यांवर प्लास्टिकचा फुलाफुलांचा कागद होता, आणि दाराशी वॉचमन होता, जो पत्रकं वाटणाऱ्यांना आत सोडत नसे. त्यात आबाही आले.

संकुल अर्धंच बांधलेलं होतं. आमच्या तीन इमारती उभ्या, पलीकडच्या तीन हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या. सकाळी जाग यायची ती मिक्सरच्या घरघरीने, मग सळया आपटल्याचा आवाज, मग बायामाणसांच्या हाका, एका अशा भाषेत की तिच्यात प्रत्येक वाक्य थोडंसं चढावर जाऊन थांबल्यासारखं वाटे. बांधकामावरची ही माणसं कलबुर्गी-विजापूरकडची. त्यांच्या पत्र्याच्या खोल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून होत्या. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोळीचा वास आणि खिडकीतून त्यांच्या भाकरीचा, दोन्ही एकमेकांत मिसळत. आई खिडकीशी उभी राहून म्हणायची, “बघ कशी थापते ती. माझी भाकरी जन्मात अशी फुगायची नाही.”

वॉचमन आबांना आत सोडत नसला तरी भिंतीपलीकडे जायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या वर्षी नवा नियम आला होता की खासगी शाळांनीही पहिलीच्या दर चार जागांतली एक जागा गरीब घरच्या मुलांना द्यायची. आबांनी ‘जागा हक्काची, भीक कशाची?’ असं पत्रक छापलं, दर रविवारी पत्र्याच्या खोल्यांत बसून फॉर्म भरले, आणि त्यांतला एकच फॉर्म लॉटरीत लागला. जून महिन्यात मी कल्याणच्या शाळेत पहिलीत गेले तेव्हा माझ्या बाकावर शरणम्मा होती. डाव्या भुवईत पत्रा लागल्याचा व्रण, तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, आणि डब्यात भाकरी नि शेंगदाण्याची लालभडक चटणी. ती मराठी, हिंदी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलायची, कुठली कुठे संपते याची तिला फिकीर नव्हती. व्हॅनवाल्याला आबांनी पटवलं होतं, त्यामुळे ती आमच्याच व्हॅनमधून यायची. वर्षभर आम्ही डबे बदलून खाल्ले. माझी पोळी-भाजी तिला अळणी वाटे. “तुम्हारे घर में मिर्ची महंगी है क्या?” असं ती दर दोन दिवसांनी विचारी.

हरितकुंजच्या क्लबहाउसात पालकांची सभा भरली ती या डब्यांवरून. मी आईच्या मांडीवर बसून सगळी ऐकली. सभेतला प्रत्येक माणूस एकाच वाक्याने सुरुवात करत होता, “आमचा कुणाला विरोध नाही.” एक जण म्हणाले, विरोध नाही पण प्रश्न स्वच्छतेचा आहे. दुसरे म्हणाले, विरोध नाही पण माझा मुलगा घरी येऊन आजीला ‘क्या बे’ म्हणाला. एक काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, “मला त्या मुलांचीच काळजी वाटते हो. आपल्यात त्यांना किती अवघडल्यासारखं होत असेल! त्यांच्याच भल्यासाठी वेगळं व्हायला हवं.” शरणम्माला अवघडलेलं मी एकदाच पाहिलं होतं, शाळेतल्या इंग्रजी टॉयलेटसमोर, आणि तिथे मीही तिच्या इतकीच अवघडले होते. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी शेवटी उभं राहून ठराव मांडला: आपण आपलीच शाळा काढायची.

जमीन दिली गावच्या जनूशेठनी. त्यांची एकेकाळची भातखाचरं विकूनच हरितकुंज उठलं होतं. गेटवर आजोबांचं नाव आणि नातवंडांना प्रवेश, एवढ्या दोन अटींवर त्यांनी उरलेला तुकडा दिला. दोनच महिन्यांत निळे पत्रे, चार खोल्या आणि एक घसरगुंडी तयार झाली. मग सीएकाकांनी, जे आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि सगळे कायदे वाचायचे, एक दिवस चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की दर चारातली एक जागा या शाळेलाही द्यावी लागेलच. म्हणजे पळून आलो आणि तोच माणूस आधीच नव्या घरात येऊन बसलेला! पण सीएकाकांकडे तोडगाही होता. संस्था अल्पसंख्याकांची असेल तर हा नियम लागत नाही.

“पण आपण अल्पसंख्याक कुठे आहोत?” बाबा म्हणाले.

“इथे नसू. दुसरीकडे बघू. तुमचं कुलदैवत कुठलं?”

“रेणुका.”

“ती कुठे आहे?”

“सीमेपलीकडे. डोंगरावर.”

“मग झालं तर! कुलदैवत जिथलं, माणूस तिथला. तुम्ही मुळात कानडीच आहात, सुधीरराव. मधल्या काही पिढ्या मराठी बोलल्या एवढंच.”

हा विनोद नव्हता. मी ते चेहरे पाहिलेत. सात विश्वस्तांनी आपापल्या घरी फोन लावून कुलदैवतांची चौकशी केली. पाच जणांची दैवतं सीमेपलीकडे निघाली. एकाची जेजुरीची निघाली, त्याला अध्यक्षपदावरून बाजूला व्हावं लागलं आणि तो पुढे सहा महिने कुणाशी बोलला नाही. एकाची कोल्हापूरची, पण कोल्हापूर सीमेला लागून आहे म्हणून त्याला ठेवून घेतलं. शोभेला एक खरा कानडी माणूस हवा म्हणून ते स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलच्या शेट्टीअण्णांकडे गेले. अण्णा म्हणाले, “आमी तुळू बोलतो साहेब. कन्नड शाळेत होता, त्यात मी नापास झाला.” इडल्या मात्र कधीही लागतील तेवढ्या पाठवतो म्हणाले. आणि अशा रीतीने, ज्या शाळेत एकही मूल कन्नड बोलत नव्हतं अशी, इंग्रजी माध्यमाची, हरितकुंज कन्नड भाषिक विद्यामंदिर ही संस्था जन्माला आली. जनूशेठ बोर्ड वाचायला मुद्दाम आले. बराच वेळ वाचून म्हणाले, “सायब, येक इचारू? तुमी कानडी कंदी जाले? परवापरत त मराठीच बोलत व्हते.” बाबा म्हणाले, “शेठ, ते मूळ असतं. आत असतं.” जनूशेठनी मान डोलावली. “असंल बाबा. आमचं मूल शेतान व्हतं, ते त तुमी घेतलं.”

आम्ही सगळी मुलं नव्या शाळेत गेलो, आणि कल्याणची व्हॅन बंद झाली. व्हॅनबरोबर शरणम्माची शाळाही बंद झाली. हे कुणी ठरवलं नव्हतं. त्याबद्दल ठराव झाला नव्हता, कुणाचा विरोधही नव्हता. पत्र्याच्या खोलीपासून कल्याणच्या शाळेपर्यंत सात वर्षांच्या मुलीने कसं जावं, हा प्रश्न फक्त कुणाच्या यादीत नव्हता. आबांनी त्यावर पत्रक काढलं, ‘हरितकुंजवासीयांना जाहीर सवाल’, आणि स्वतःच्या मुलाच्या गेटबाहेर तळपत्या उन्हात उभं राहून वाटलं. बाबा गाडी घेऊन गेटबाहेर आले. आबांनी काचेपाशी पत्रक पुढे केलं. बाबांनी काच खाली केली, पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “आबा, ऊन आहे. टोपी घाला.” त्यापुढे दोन वर्षं त्यांचं एकमेकांशी एवढंच बोलणं झालं.

ती दोन वर्षं शरणम्मा आणि मी भिंतीवरून भेटत राहिलो. तिच्या कडेवर धाकटा भाऊ असायचा. मी तिला माझ्या पुस्तकातले धडे वाचून दाखवायचे, ती मला चिंचेच्या एका आकड्यामागे एक कन्नड शब्द द्यायची. शाळेच्या नावाचा अर्थ मी तिला सांगितला तेव्हा ती इतकी हसली की भाऊ रडायला लागला. मग हसणं थांबवून तिने विचारलं, “तुम लोग कानडी, तो हम लोग कौन?” मला उत्तर आलं नाही. आज मी विशीत आहे, पत्रकं लिहिते, सभांमध्ये बोलते, लोक मला हजरजबाबी म्हणतात. अजून आलेलं नाही.

तपासणीचं पत्र आलं तेव्हा आम्ही चौथीत होतो. अधिकारी येणार, विश्वस्तांशी बोलणार, मुलं बघणार, आणि मग अल्पसंख्याक दर्जाचं ठरणार. विश्वस्तांना पंधरा दिवसांत कन्नड यायला हवं होतं. शिकवणार कोण? शेवटी बाबांनी शरणम्माच्या आईला बोलावलं. महादेवी तिचं नाव. दिवसभर घमेली वाहणारी, उंच, ताठ बाई. अडचण एवढीच की बांधकामावरच्या माणसांना क्लबहाउसात यायला मनाई होती, आणि तो नियम बाबांनीच केला होता. म्हणून वर्ग भरला पार्किंगमध्ये. महादेवी एका पाण्याच्या ड्रमवर बसायची आणि समोर सात विश्वस्त उपड्या घमेल्यांवर. तिला जी भाषा दिवसभर लागायची तीच तिने शिकवली. “उसुकु ता,” ती म्हणायची, आणि बँकेतले, विम्यातले, सीए असे सगळे एका सुरात म्हणायचे, “उसुकु ता.” म्हणजे रेती आण. “नीर हाकु.” पाणी ओत. “इट्टंगी एत्तु.” वीट उचल. आई वरच्या खिडकीतून बघत पदर तोंडात धरून हसायची. बाबा मन लावून वहीत लिहायचे. ते पहिल्यापासून हुशार विद्यार्थी. एका संध्याकाळी महादेवीने त्यांना विचारलं, साहेब, तुमच्या घरी देव कुठला? बाबांनी मोबाइलमधला रेणुकेचा फोटो दाखवला. महादेवीने लगेच हात जोडले, “यल्लम्मा! हमारी भी येइच.” तिच्या पत्र्याच्या खोलीतही हाच फोटो होता. बाबांनी मोबाइल पटकन खिशात घातला, जणू काही तिने त्यातलं काही घेतलं असतं.

मुलांचं काय करायचं, याचाही तोडगा निघाला. पत्र्याच्या खोल्यांतून नऊ मुलं एका दिवसापुरती आणायची. गणवेश घालायचा, आमच्यात मिसळून बसवायचं, कन्नड बोलायला लावायचं, चार वाजता गणवेश परत. जनरल रजिस्टर नावाचं एक मोठं जाड पुस्तक प्रत्येक शाळेत असतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा त्यात एकदाच लिहितात, आणि शाईत लिहिलेलं वरच्या कार्यालयाच्या परवानगीशिवाय खोडता येत नाही. आमच्या सगळ्यांच्या नावांपुढे मातृभाषेच्या रकान्यात ‘कन्नड’ असं निळ्या शाईत आधीच लिहिलेलं होतं. ही नऊ नावं बाबांनी पेन्सिलीने लिहिली, म्हणजे संध्याकाळी खोडता येतील. नऊही जणांचा जन्म एक जूनचा. जन्मतारीख ठाऊक नसली की आपल्याकडच्या शाळा एक जून लावतात. कितीतरी लोकांना सरकारी कागदांवर तीच तारीख मिळालेली आहे. थोडक्यात, त्या पुस्तकात खोटं शाईत होतं आणि खरं पेन्सिलीत.

तपासणीच्या सकाळी शरणम्मा माझ्या बाकावर येऊन बसली. दोन वर्षांनी. गणवेश कुणाच्या तरी थोरल्या बहिणीचा, मागून चार टाचण्या. बूट माझे जुने. तिने बाकावर हात फिरवला, माझं कंपासपेटीतलं सगळं एकेक करून बघितलं, इतिहासाच्या पुस्तकाचा वास घेतला.

“आज मैं तेरे स्कूल में,” ती म्हणाली. “और कल?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

“तेरे बाप ने अम्मा को बोला, चार बजे ड्रेस वापस. टाचणी भी वापस.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “अच्छा लिखती हूँ मैं अब भी. तू देख.” आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिने आपलं नाव लिहिलं, पहिलीत शिकलो होतो तसंच, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ. त्या वहीला आबांच्या त्याच पत्रकाचं कव्हर होतं, जागा हक्काची, भीक कशाची.

अधिकारी बाई आल्या त्या साध्या सुती साडीत, हातात पिशवी. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, “मी सोलापूरची. माझी आई घरात कन्नडच बोलते.” मग त्या हसून बाबांकडे वळल्या आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. पुढे शरणम्माने मला सांगितलं की जेवण झालं का, एवढंच विचारलं होतं. बाबा उभे राहिले. त्यांना पंधरा दिवसांचं सगळं आठवत होतं. छाती पुढे काढून, स्पष्ट उच्चारात ते म्हणाले, “उसुकु ता.” रेती आण. बाई बघतच राहिल्या. मदतीला सीएकाका धावले, “नीर हाकु!” कोल्हापूरच्या दैवताचे गृहस्थ कुणी न विचारता म्हणाले, “इट्टंगी एत्तु.” खिडकीबाहेर आम्ही मुलं होतो, शरणम्माने तोंडावर दोन्ही हात दाबले होते आणि तिचे खांदे हलत होते. बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “बांधकाम अजून चालू दिसतंय.”

मग त्या वर्गात आल्या आणि त्या नऊ मुलांशी बोलल्या, आणि ते बोलणं लवकर संपेना. कुठलं गाव, आजी कशी आहे, इकडे पाऊस जास्त का तिकडे. शरणम्मा तर असं बोलत होती की मी तिला कधी तशी ऐकलीच नव्हती. तिन्ही भाषांच्या मिसळीत जी सतत इकडून तिकडे उड्या मारायची ती एका भाषेत पळत होती. बाई बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, “जेवून घेऊ. मग रजिस्टर बघते, सही करते आणि निघते.”

शेट्टीअण्णांच्या इडल्या शिक्षकांच्या खोलीत मांडल्या होत्या. सगळे तिकडे गेले. कार्यालयाचं दार उघडं होतं आणि टेबलावर रजिस्टर. माझ्या दप्तरात आबांनी दिलेलं शाईचं पेन होतं, काळ्या शाईचं. मी ठरवून गेले असं म्हणणं आज शोभून दिसेल, पण खरं नाही. मी फक्त शरणम्माचं नाव बघायला गेले होते. ते दिसलं. पेन्सिल इतकी फिकी होती की नाव कागदातच मुरत चाललंय असं वाटत होतं. मी पेन उघडलं आणि तिच्या नावावरून गिरवायला सुरुवात केली. मग वाटलं, एकटीचं कसं? म्हणून खालचं नाव. मग त्याखालचं. सहाव्या नावावर दारात सावली पडली. इडल्यांचं रिकामं ताट हातात घेऊन आई उभी होती.

माझा हात थांबला. आईने टेबलाकडे पाहिलं, रजिस्टरकडे, माझ्याकडे. मग मागे वळून तिने व्हरांड्यात डोकावलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि ताट घेऊन दाराशी उभी राहिली.

“जन्मतारखाही गिरव,” ती हळूच म्हणाली. “नुसत्या नावाने भागत नाही. आणि घाई करू नकोस, शाई ओली आहे. फुंकर मार.”

जेवून अधिकारी बाई आल्या, चष्मा लावला, पानं उलटली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. माझं गोलमटोल, चौथीतलं अक्षर आणि काळी शाई, बाकी सगळ्या निळ्या पुस्तकात. बाबा त्यांच्या खांद्यावरून बघत होते. त्यांच्या तोंडात इडली होती. ती ना गिळता येत होती ना बाहेर काढता. बाईंनी एकदा शाईकडे पाहिलं, एकदा माझ्या बोटांकडे, जी मी पाठीमागे लपवायला विसरले होते. मग त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि व्हरांड्यातून एकेक आवाज आला, “हजर.” नऊ वेळा. त्यांनी खाली सही केली आणि शेरा लिहिला की ही शाळा ज्या भाषिकांसाठी काढली आहे ते या नऊ मुलांत दिसतात, ही मुलं टिकवावीत, पुढच्या भेटीत हीच मुलं पाहिली जातील. दर्जा देण्याची शिफारसही केली. निघताना बाबांना म्हणाल्या, “रेती पोचली बरं का, साहेब.”

चार वाजले. नऊ मुलं व्हरांड्यात रांगेत उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे टाय सोडू लागली. शरणम्मा पाठीमागच्या टाचण्या काढत होती, एकेक करून, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवत. बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिने तळवा पुढे केला. चार टाचण्या. बाबांनी त्या पाहिल्या. मग म्हणाले, “राहू दे. उद्या लागतील.”

त्या दिवशी जेवताना आईने ज्वारीची भाकरी केली होती आणि महादेवीकडून शिकलेली शेंगाचटणी. बाबा दोन भाकऱ्या जेवले. ताटात हात धुताना त्यांनी विचारलं, “शाई आबांची?” मी मान डोलावली. “पत्रकवाल्याच्या घरातून मी पळून आलो,” ते आईला म्हणाले, “आणि हिला बरोबर घेऊन आलो.” उठता उठता थांबून म्हणाले, “अक्षर सुधार. वेलांट्या फार मोठ्या काढतेस.”

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दर्जा मिळाला, पण तो टिकवायचा तर मुलं टिकवायला हवी होती. ज्यांना टाळण्यासाठी शाळा काढली त्यांच्यावाचून ती चालू राहू शकत नव्हती. बाबा रोज सकाळी आपली गाडी पत्र्याच्या खोल्यांपाशी नेऊन हॉर्न वाजवायचे. कुणी आजारी असलं तर डॉक्टरकडे न्यायचे, कुणी गावी निघालं तर त्याच्या बापाच्या विनवण्या करायचे. नऊची पंधरा झाली, पंधराची तीस. मग हरितकुंजच्या पालकांची पुन्हा सभा भरली, कुणाचा कुणाला विरोध नव्हता, आणि निम्म्यांनी आपली मुलं काढून परत कल्याणच्या त्याच जुन्या शाळेत घातली, कारण तिथे चारातली एकच जागा तसल्या मुलांची होती आणि इथे आता दोन. क्लबहाउसचा नियम बाबांनी स्वतः काढून टाकला. जनूशेठ एकदा मधल्या सुट्टीत येऊन कोलाहल ऐकत उभे राहिले. “सायब,” ते म्हणाले, “तुमची शाला आता खरीच कानडी जाली.”

शरणम्मा माझ्या शेजारी सातवीपर्यंत बसली. गणितात ती माझ्या पुढे, निबंधात मी तिच्या. मग शेवटची इमारत पुरी झाली, हिरवी जाळी उतरली, आणि दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो तेव्हा भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्या नव्हत्या. चुलींच्या काळ्या खुणा होत्या आणि एक फुटकं घमेलं. मुकादमाला बाबांनी विचारलं. तो म्हणाला, कुठेतरी नव्या साइटवर गेले. बाबांनी शरणम्माचा शाळा सोडल्याचा दाखला तयार केला, सही-शिक्का मारला, आणि कितीतरी रविवार तो खिशात घालून ते बांधकामांवर फिरले. एकदा तर आबांना मागे बसवून. दोघांना स्कूटरवरून जाताना मी गच्चीतून पाहिलं होतं. बोलत नव्हते, पण आबांनी टोपी घातली होती.

आता आबा नाहीत. प्रेस बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आणि हे मी तिथेच बसून लिहिते आहे. शाळा आहे, आता आसपासच्या नव्या बांधकामांवरची मुलं तिथे येतात. गेल्या महिन्यात बाबांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे संस्थेचा इतिहास मागितला. दर्शनी भिंतीवर तो आधीच कोरलेला आहे: ‘श्रमिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि कन्नड भाषेच्या प्रेमापोटी स्थापन.’ मी म्हटलं, लिहीन तर खरा लिहीन. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पाकीट आणून दिलं. त्यात तो दाखला होता. नाव शरणम्मा, मातृभाषा कन्नड, जन्म एक जून, प्रगती उत्तम, वर्तणूक उत्तम. “हाही इतिहासच आहे,” ते म्हणाले. “छापा किंवा नका छापू. पण तो तिला द्यायचा राहिलाय.” माझे वडील मला पहिल्यांदाच ‘अहोजाहो’ करत होते, किंवा माझ्यातून ते आबांशी बोलत होते.

आबांच्या नियमाप्रमाणे आता शेवटच्या ओळी कामाच्या. तुमच्या घराजवळ कुठेतरी हिरवी जाळी लावलेली इमारत असेलच. उद्या तिथे थांबा. पत्र्याच्या खोल्यांत जा आणि सहा वर्षांवरची कुठली मुलं दिवसा घरी असतात ते विचारा. डाव्या भुवईत व्रण असलेली, माझ्या वयाची शरणम्मा भेटली तर तिला सांगा की तिचा दाखला कोपरीत खिळ्यांच्या खणात जपून ठेवलाय. ती भेटली नाही तरी एखादं मूल भेटेल. त्याला हाताला धरून सगळ्यात जवळच्या शाळेत घेऊन जा, आणि त्याचं नाव शाईत लिहिलं जाईपर्यंत टेबलासमोरून हलू नका.